मंमं, भूभू आणि गुंग महाल : बाळाच्या बोलण्याचा इतिहास

आपल्या मंडळात दरवर्षी दोन-चार नवी बाळे दाखल होतात. कोणाचे आईबाबा सॉफ्टवेअर कंपनीत, कोणी बँकेतून बदली होऊन आलेले, तर कोणी इथल्याच कारखान्यात नोकरी करणाऱ्यांची दुसरी पिढी. आरती झाल्यावर प्रसाद घेता घेता या तरुण मंडळींकडून एक प्रश्न हमखास ऐकू येतो. घरी मराठी, शेजारी कन्नड, बाळाला सांभाळायला येणाऱ्या बाई तमिळ आणि आईबाबांचे कामाचे फोन इंग्रजीत. अशाने बाळ गोंधळून जाईल का? बोलायला उशीर लागेल का? काहींना तर पाळणाघरात किंवा शाळेत स्पष्टच सांगितलेले असते, की घरात एकच भाषा ठेवा आणि ती इंग्रजी ठेवा. मग दीड वर्षाच्या पोराच्या तोंडातले चिऊ-काऊ काढून तिथे 'स्पॅरो' आणि 'क्रो' बसवण्याची खटपट सुरू होते. गावाहून आलेली आजी इंग्रजी येत नाही म्हणून नातवाशी बोलायचीच थांबते.

आजीने असे गप्प बसावे का, हा आजच्या लेखाचा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधायला गेले तर फार मागे जावे लागते, कारण बाळ बोलायला कसे शिकते याचे कुतूहल राजेमहाराजांपासून शास्त्रज्ञांपर्यंत अनेकांना होते. त्यातल्या काहींनी केलेले प्रयोग वाचून आजही अंगावर काटा येतो.

सर्वांत जुनी हकीकत ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहून ठेवली आहे. इसवी सनापूर्वी सातव्या शतकात इजिप्तमध्ये सामेटिकस नावाचा राजा होता. जगातली सर्वांत जुनी जमात कोणती, हे त्याला ठरवायचे होते. त्याने दोन तान्ही मुले एका धनगराच्या हवाली केली आणि त्यांच्यासमोर कोणी अवाक्षर काढायचे नाही अशी आज्ञा दिली. मुलांना शेळीचे दूध मिळत असे. दोन वर्षांनी ती मुले 'बेकोस' असे काहीतरी म्हणू लागली. चौकशी करता फ्रिजियन भाषेत या शब्दाचा अर्थ भाकरी असल्याचे कळले आणि राजाने फ्रिजियन लोकांना पहिला मान देऊन टाकला. मुले शेळ्यांच्या आवाजाची नक्कल करत असतील, अशी शंका नंतरच्या अनेकांनी घेतली आहे आणि ती आपल्यालाही पटण्यासारखी आहे. तेराव्या शतकात युरोपातला सम्राट दुसरा फ्रेडरिक यानेही असाच प्रयोग केला आणि मुले दगावली, असे सालिंबेने नावाच्या इटालियन साधूने लिहिले आहे. साधूबुवांचे सम्राटाशी वाकडे होते, त्यामुळे ही हकीकत थोडी चाळूनच घ्यावी.

आपल्या देशातली हकीकत मात्र इतकी सहज बाजूला सारता येत नाही, कारण तिला दोन साक्षीदार आहेत आणि त्या दोघांचे एकमेकांशी मुळीच पटत नव्हते. अकबर बादशहाने १५७८ च्या सुमारास फत्तेपूर सिक्रीजवळ वस्तीपासून दूर एक इमारत बांधवली. तिथे तान्ही मुले ठेवली आणि सांभाळायला दाया नेमल्या. मुलांच्या कानी एक शब्दही पडू द्यायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. सुमारे वीस मुले पैसे देऊन आयांकडून घेतली होती, असे बदाऊनी लिहितो. हा बदाऊनी दरबारात असूनही बादशहाच्या धर्मविचारांवर मनातून चिडलेला. मूल जन्मतः कोणत्या धर्माकडे झुकते ते पाहायचे होते, असे त्याचे म्हणणे. अबुल फजल हा बादशहाचा निस्सीम चाहता. त्याच्या 'अकबरनाम्या'त वेगळे कारण दिलेले आहे. माणसाला वाणी येते ती ऐकण्यातून, असे बादशहाचे मत होते. ते काहींना पटेना, म्हणून पडताळा घेतला. कारणांबद्दल दोघांत असा मतभेद. निष्पत्ती मात्र दोघेही एकच सांगतात. १५८२ मध्ये बादशहा स्वतः तिथे गेला, तेव्हा मुलांकडून मुक्याच्या आवाजापलीकडे काहीही ऐकू आले नाही. काही मुले तोवर दगावली होती. लोकांनी त्या वास्तूला नाव दिले गुंग महाल, म्हणजे मुक्यांचा वाडा.

बादशहाचे अनुमान बरोबर निघाले, पण त्यासाठी वीस घरांतली लेकरे खर्ची पडली. त्या आयांनी पैसे कशासाठी घेतले असतील, आणि उरलेल्या मुलांचे पुढे काय झाले, याबद्दल तवारिखा गप्प आहेत.

गंमत अशी, की जे कळायला बादशहाला महाल बांधावा लागला, ते आपल्याकडच्या घरगुती रीतींत आधीपासून गृहीत धरलेले दिसते. बृहदारण्यक उपनिषदात नवजात बाळासाठी एक विधी सांगितला आहे. बापाने बाळाच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन वाणीचे नाव तीनदा उच्चारायचे आणि मग सोन्याने दही, मध, तूप चाटवायचे. आधी कान, मग जीभ, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, तिथेही पहिला मान कानाचाच. (मधाबाबत मात्र एक सांगितले पाहिजे. मधातून एका जिवाणूची बाधा होऊ शकते, म्हणून पहिले वर्ष पुरे होईपर्यंत बाळाला मध देऊ नये, असे डॉक्टर सांगतात. जीभ हलकी व्हावी म्हणून वेखंड उगाळून चाटवणेही टाळावे. कानात गोड बोलण्याला मात्र कोणाचीच हरकत नाही.) बोबड्या बोलाने हरखून जाणाऱ्या माउलीचा दृष्टांत तर ज्ञानेश्वरीतही आहे.

कान जिभेच्या किती आधी कामाला लागतो, हे विसाव्या शतकात प्रयोगांनी कळले. १९८० साली डीकॅस्पर आणि फायफर या संशोधकांनी दाखवून दिले, की जन्मून दोन-तीन दिवसच झालेले बाळ परक्या बाईच्या आवाजापेक्षा आईचा आवाज पसंत करते. म्हणजे ओळख पोटातच झालेली असते. इथे आपल्याला अभिमन्यू आठवल्याशिवाय राहत नाही. पण पोटातल्या बाळाला चक्रव्यूहाचे डावपेच कळतात, असा अर्थ या प्रयोगातून काढू नये. आवाजाचा सूर आणि लय तेवढी ओळखीची होते.

कोणाला इजा न करता बाळाकडे नुसते बारकाईने पाहायचे, ही पद्धत पुढे एकोणिसाव्या शतकात रुजली, आणि तिचे श्रेय ज्यांना द्यावे लागते त्यांत चार्ल्स डार्विनचे नाव येते. उत्क्रांतीवाला डार्विन तो हाच. त्याचा थोरला मुलगा विल्यम डिसेंबर १८३९ मध्ये जन्मला आणि बापाने त्याच्या हालचालींची टिपणे ठेवायला सुरुवात केली. ती टिपणे सदतीस वर्षे तशीच पडून होती. मग तेन या फ्रेंच विद्वानाचा आपल्या मुलीच्या बोलण्यावरचा लेख इंग्रजीत आला, तो वाचून डार्विनने आपली वही काढली आणि १८७७ मध्ये 'माइंड' या नियतकालिकात लेख छापला. त्यात तो लिहितो, की बरोबर एक वर्षाचा असताना मुलाने खाण्यासाठी स्वतःचा एक शब्द तयार केला : 'मम्'. पुढे साखरेला त्याने 'शू-मम्' म्हटले आणि ज्येष्ठमधाला 'काळे शू-मम्'! एका शब्दाला दुसरा जोडून नवा शब्द घडवायची युक्ती पोराला कोणी शिकवली नव्हती.

खाणे म्हणजे 'मम्' हे वाचल्यावर कोणता मराठी माणूस चमकणार नाही? आपल्या घरोघरी चाललेले मंमं ते हेच. रोमान याकोबसन या मोठ्या भाषाशास्त्रज्ञाने १९६० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात याचे कारण सुचवले आहे. दूध पिताना बाळाचे ओठ मिटलेले असतात, तेव्हा नाकातून जो हुंकार येऊ शकतो तो 'म'सारखाच. पुढे भूक लागली, की तोच आवाज मागणीचा होतो. काही भाषांत मग तो आईला चिकटला आणि 'मामा' किंवा 'ममा' झाला. आपल्याकडे तो जेवणाला चिकटला. आपली 'आई' या नियमात बसत नाही, पण तिच्यात एकही व्यंजन नसल्याने बाळाला ती तशीही सोपीच जाते.

आता एक अशी गोष्ट सांगतो, जी आपल्या मराठी घरांत फारशी माहीत नाही आणि माहीत असायला हवी. १९६४ साली चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने जगातल्या सहा भाषांमधल्या बाळबोलीचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. बाळबोली म्हणजे मोठी माणसे बाळाशी बोलताना वापरतात ती लाडिक भाषा. त्या सहा भाषा कोणत्या? अरबी, इंग्रजी, स्पॅनिश, अमेरिकेतल्या मूलनिवासींची कोमांची, सायबेरियाकडची गिल्याक आणि आपली मराठी! त्याच वर्षी पुण्याचे डॉ. अशोक केळकर यांनी 'वर्ड' या भाषाशास्त्राच्या नियतकालिकात खास मराठी बाळबोलीवर स्वतंत्र निबंध लिहिला. केळकर (१९२९-२०१४) कॉर्नेल विद्यापीठाचे पीएच.डी., पुढे डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाचे प्राध्यापक. २००२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि 'रुजुवात' या ग्रंथाला २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार. इतक्या विद्वान माणसाने मंमं आणि भूभू या शब्दांना व्याकरणाइतक्याच गांभीर्याने हात घातला, याचे मला फार अप्रूप वाटते.

आपले हे शब्द एकदा मोठ्याने म्हणून पाहा. मंमं, दुदू, भू, भूभू, माऊ, हम्मा, चिऊ, काऊ, बाऊ, पापा, शी, शू, गाई, भुर्र. पुष्कळ शब्द ओठांवरचे, कारण ओठांची हालचाल बाळाला दिसते. तेच अक्षर दोनदा. जोडाक्षरे जवळजवळ नाहीत. (हम्मा आणि भुर्र हे अपवाद, पण भुर्र हा शब्द म्हणण्यापेक्षा उडवायचाच असतो.) आणि विषय पाहा : खाणे, पिणे, झोपणे, लागणे-खुपणे, बाहेर जाणे, अंगणातले पशुपक्षी. बाळाचे सगळे जग वीस-पंचवीस शब्दांत बसवलेले आहे. शिवाय मोठी माणसे 'र'चा 'ल' करून 'माझा लाजा' म्हणतात, 'सोनू'चे 'छोनू' करतात. फर्ग्युसनला त्या सहा भाषांत हीच लक्षणे दिसली : अक्षरांची द्विरुक्ती, जोडाक्षरांची सुटका, 'र'ची बदली. या बाळबोलीतले शब्द बाळाने काढलेले नसतात. ते मोठ्यांनी मोठ्यांकडून उचललेले, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असतात, म्हणजे तीसुद्धा परंपराच.

बाळाशी असे बोबडे बोलू नये, नाहीतर ते तसेच शिकते, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. याच सुमारास भाषाशास्त्रात मोठे वादळ चालू होते. मूल अनुकरणाने आणि शाबासकीने भाषा शिकते, असे स्किनर या मानसशास्त्रज्ञाने १९५७ च्या ग्रंथात मांडले होते. १९५९ मध्ये नोम चॉम्स्कीने त्याची चिरफाड केली. मूल कधीच न ऐकलेली वाक्येही बनवते, तेव्हा भाषेची काही घडण जन्मजातच असली पाहिजे, हा त्याचा मुद्दा. मोठ्यांचे बोलणे तुटक आणि चुकांनी भरलेले असते, त्यातून मूल काय शिकणार, असेही तो म्हणे. यावर कॅथरीन स्नो या संशोधिकेने १९७२ मध्ये आयांचे मुलांशी चाललेले बोलणे प्रत्यक्ष तपासले. आया लहान मुलाशी बोलताना वाक्ये आखूड करतात, सोपी करतात, पुन्हा पुन्हा म्हणतात. १९९७ मध्ये पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी अमेरिका, रशिया आणि स्वीडनमधल्या आयांची बोलणी मोजून पाहिली. तिन्हीकडे बाळाशी बोलताना स्वर ताणलेले आणि ठसठशीत होते. म्हणजे लाडात बोलणारी आई नकळत उच्चार उघडून दाखवत असते.

तरी यातून सक्तीचा नियम काढायला नको. पापुआ न्यू गिनीतल्या कालुली लोकांत आणि सामोआ बेटांवर मोठी माणसे तान्ह्या बाळाशी अशी लाडिक भाषा बोलत नाहीत, असे शीफेलिन आणि ऑक्स यांनी १९८४ मध्ये दाखवले. तिथली मुलेही वेळेवर बोलू लागतात. पण ती माणसांच्या गराड्यात वाढतात आणि त्यांच्या कानांवर सतत बोलणे पडत असते. कालुलींची रीत आणि गुंग महाल यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे दोन-तीन भाषांकडे वळू. 'मूल गोंधळते' या समजुतीलाही इतिहास आहे. १९२३ मध्ये सेअर नावाच्या संशोधकाने वेल्समधल्या शाळकरी मुलांच्या बुद्धिचाचण्या घेतल्या. खेड्यातली वेल्श आणि इंग्रजी अशी दोन्ही बोलणारी मुले मागे पडलेली त्याला दिसली आणि त्याने दोष दुभाषीपणाला दिला. गरिबी, शाळांचा दर्जा, परीक्षेची भाषा हे सारे त्याच्या हिशेबात नीट धरलेलेच नव्हते. पण निष्कर्ष पसरला आणि पुढे कित्येक वर्षे जगभरच्या शिक्षकांनी परभाषिक घरांना तोच सल्ला दिला. आपल्याला पाळणाघरात मिळणारा सल्ला हा त्या शंभर वर्षांपूर्वीच्या चुकीच्या हिशेबाचाच नातू म्हणायचा!

१९६२ मध्ये पील आणि लँबर्ट यांनी माँट्रियलमधली दहा वर्षांची मुले तपासली. घरची परिस्थिती सारखी असलेली मुले निवडली, तेव्हा फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही चांगल्या जाणणारी मुले एकच भाषा येणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. १९९३ मध्ये मायामीतल्या लहानग्यांच्या अभ्यासात पिअरसन आणि सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट केली. दुभाषी मुलाचे दोन्ही भाषांतले शब्द एकत्र मोजले, आणि तो साठा एकभाषी मुलांच्या बरोबरीचा निघाला. आपण काय करतो? मराठीचे शब्द वेगळे मोजतो, कन्नडचे वेगळे, आणि दोन्हीकडे कमी म्हणून काळजी करत बसतो. 'नीर' आणि 'भू' ही त्या बाळाची दोन शब्दांची कमाई आहे.

घरात कोणी कोणती भाषा बोलायची, यावरही प्रयोग झाले आहेत. रोंजा या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाची बायको जर्मन. मित्राच्या सल्ल्यावरून दोघांनी ठरवले, की बापाने बाळाशी फ्रेंचच बोलायचे आणि आईने जर्मनच. मुलगा लुई दोन्ही भाषा व्यवस्थित शिकला आणि बापाने १९१३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. ही पद्धत सोयीची आहे खरी, पण तीच एक आहे असे मानायचे कारण नाही. बडोदा, इंदूर, तंजावर, हैदराबाद अशा गावांतल्या मराठी घरांनी रोंजाचे नावही न ऐकता घरात एक आणि अंगणात दुसरी अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालवली. तंजावरात तर सतराव्या शतकापासून.

वयाचे मात्र महत्त्व आहे, आणि इथे पुन्हा आपल्याकडच्या भाषेनेच पुरावा दिला. इंग्रजी माणसाला आपल्या 'त' आणि 'ट' मधला फरक ऐकू येत नाही, हे आपण जाणतोच. १९८४ मध्ये जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांनी कॅनडातल्या इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले हे दोन आवाज ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला. दहा-बारा महिन्यांच्या बाळांतल्या फारच थोड्यांना कळला. हिंदी घरांतली अकरा-बारा महिन्यांची बाळे तो सहज ओळखत होती. म्हणजे जो आवाज कानावर पडत नाही, त्याचे दार वर्षाच्या आतच लोटले जाऊ लागते. 'ण' आणि 'ळ' मराठीत आहेत तसे कन्नडमध्येही आहेत, पण इंग्रजीत नाहीत. आजी गप्प बसते तेव्हा काय बंद होऊ लागते, ते यावरून दिसेल.

आजीची जागा टीव्ही किंवा मोबाईल घेईल का, याचेही उत्तर मिळालेले आहे. २००३ मध्ये कूल यांच्या गटाने अमेरिकन घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली. ज्यांच्याशी समोर बसून माणसे चिनीत बोलली, पुस्तके दाखवली, खेळली, त्यांना बारा बैठकींनंतर चिनी आवाज ओळखता येऊ लागले. ज्यांनी तेच सारे पडद्यावर पाहिले ती बाळे काहीही शिकली नाहीत. तेव्हा चिऊ-काऊची गोष्ट यूट्यूबवर लावून देणे आणि मांडीवर घेऊन सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाळाने 'ऊऽ' केले की आपण 'हो का रे?' म्हणायचे, थांबायचे, त्याची पाळी येऊ द्यायची. पडदा थांबत नाही. तळहातावर बोट ठेवून मोराला बसायला बोलवायचा आपला जुना खेळ आठवा. त्यात स्पर्श, सूर आणि वाट पाहणे हे तिन्ही आहे.

दोन भाषांवर खापर फोडण्यात आणखी एक धोका आहे. खरा अडथळा नजरेआड राहतो. बोलायला उशीर होण्याचे कारण ऐकू कमी येणे हेही असू शकते. योशिनागा-इटानो यांच्या १९९८ च्या अभ्यासात दिसले, की श्रवणदोष सहा महिन्यांच्या आत लक्षात आला आणि उपाय सुरू झाले, तर त्या मुलांची भाषा उशिरा निदान झालेल्यांपेक्षा बरीच चांगली वाढते. म्हणून आवाजाकडे बाळ वळत नसेल, वर्षापर्यंत बडबड नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल किंवा दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नसेल, तर 'याचे बाबाही उशिरा बोलले होते' म्हणून वाट पाहू नये. शब्द मोजताना घरातल्या सगळ्या भाषांतले मोजावेत. आपल्याला तर फार लांबही जायला नको. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ पासून याच कामासाठी उभी आहे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे, सुट्टीत गावी गेलात तर तिथेही दाखवता येईल.

जाता जाता एक विनंती. केळकरांनी मराठी बाळबोली शास्त्रात नेली त्याला साठ वर्षे उलटली. त्यानंतर आपण कर्नाटकात, गुजरातेत, तेलंगणात घरे केली आणि आपल्या बाळांच्या बोलीत शेजारच्या भाषांचे शब्दही येऊन बसले असणार. आपल्या घरात पाणी, झोप, दूध, भीती, बाहेर जाणे यांसाठी बाळाशी कोणते शब्द बोलले जातात, ते आजीला विचारून एका कागदावर लिहून आणा. सोबत आजीचे गाव आणि बाळाचे वय लिहायला विसरू नका. मंडळाच्या टेबलावर त्यासाठी एक वही ठेवली आहे, अनंत चतुर्दशीपर्यंत ती तिथेच असेल.